खोटी पाणसळ

त्या दिवशी आईचं दातांच्या डॉक्टरांशी भांडण चाललं होतं. डॉक्टर तिथे नव्हते. त्यांच्या दवाखान्याची पाटी होती, काळ्या दगडाची, लाकडी घोडीवर उभी केलेली, आणि आई तिच्याशीच बोलत होती.

“म्हणे ‘ड’चं शेपूट जरा लांब घ्या, रुबाबदार दिसेल. अहो, आधीच माणसं जीव मुठीत धरून येतात तुमच्याकडे. त्यात दारातच हा आकडा कशाला? दात उपटायचा चिमटा वाटतो तो.”

कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला काका पायरीचा दगड घासत होते. ते सहसा हसत नाहीत. हसू आलं की घासायचे थांबतात, तेवढंच. घासणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाबांच्या जोडीने गवंडीकाम करायचे. बाबा गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. त्यानंतर आईने ही जागा चालवली आणि काका तिच्या बाजूला उभे राहिले, ते तसेच उभे राहिले. दगड निवडणं, कापणं, बसवणं त्यांचं, अक्षरं आईची. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला आणि गेलेल्या माणसांच्या आठवणीचे दगड. आमचं घर मुख्यतः आठवणीच्या दगडांवर चाललं. आई म्हणायची, “सगळ्यांना घर बांधता येत नाही, सगळ्यांना दवाखाना काढता येत नाही. जाता मात्र सगळ्यांना येतं.”

मी दाराशी स्टुलावर कागद घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं व्याख्यान होतं. आकार, चिन्हं, अक्षरं आणि माणसांनी त्यांना वेळोवेळी चिकटवलेले अर्थ, हा माझा विषय. पोटापाण्यासाठी मी हेच शिकवते. व्याख्यान आधी आईला वाचून दाखवायची माझी सवय होती. ऐकताना ती हातातलं काम थांबवत नसे. हात थांबले की मी समजायचं, वाक्य फार लांबलं.

“‘जुन्या काळी बांधकाम करणाऱ्यांच्या मंडळ्या असत,’” मी वाचलं. “‘त्यांनी आपल्या हत्यारांत अर्थ पाहिले. ओळंबा म्हणजे सचोटी, कारण तो सरळ खालीच जातो. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, तो सद्वर्तनाचं चिन्ह. पाणसळ म्हणजे समता, कारण तिच्यापुढे राजा आणि हमाल एकाच पातळीवर येतात. वर्तुळ म्हणजे अनंत, कारण त्याला आरंभ नाही, शेवट नाही...’”

“डब्याचं झाकणही गोल असतं,” आई म्हणाली. “तेही अनंत?”

“आई.”

“नाही, विचारते. तू शिकलेली, मास्तरीणबाई. आमचं आपलं झाकण म्हणजे झाकण.”

पण हे खरं नव्हतं. तिला झाकण म्हणजे झाकण कधीच पुरलं नाही. तिच्याइतके अर्थ लावणारी बाई मी पुस्तकांत पाहिलेली नाही. मला अक्षरं तिनेच शिकवली, शाळेच्या आधी, आणि तिच्या पद्धतीने. ‘र’ गुडघा मोडून उभा. ‘ह’ला कुठे टेकावं ते कळत नाही, म्हणून तो वळवळतो. ‘ळ’ म्हणजे दोन बहिणी पाठीला पाठ लावून रुसून बसलेल्या. त्यातली एक ती, दुसरी मावशी. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची रेघ अर्धीच असते, म्हणून ते भाडेकरू. पहिलीत बाई म्हणाल्या, ‘भ’ भोपळ्याचा. मी उभी राहून सांगितलं, नाही बाई, भाडेकरूचा. आईला शाळेत बोलावणं आलं होतं.

“मग तुझे अर्थ सांग,” मी म्हणाले. “ओळंबा म्हणजे काय?”

“माझी सासू.” तिला क्षणही लागला नाही. “एका जागी गप्प लटकून असायच्या. तोंडातून शब्द नाही. पण शेजारी उभं राहिलं की आपण किती वाकड्या ते आपलं आपल्याला कळायचं.”

घासणं थांबलं.

“गुण्या?”

“तुझी मावशी. तिचं म्हणणं एकच, जन्मभर तेच, आणि तसूभर हलणार नाही. परवा फोनवर मला म्हणते, अगं, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हटलं, घाव सोसणाऱ्याचं सगळे बोलतात. घालणाऱ्याचा खांदा कुणी विचारत नाही.”

तिचा खांदा. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता, सगळं आयुष्य हातोडीने खाली ओढलेला. पातळ कपड्यांत ते जास्त दिसायचं. फोटो काढायच्या वेळी ती तो मुद्दाम उचलून धरायची आणि म्हणून सगळ्या फोटोंत ती काहीतरी विचारत असल्यासारखी दिसते.

“आणि पाणसळ?”

आईने घोडीच्या फळीवरून पाणसळ उचलली. पितळी पट्टीची जुनी पाणसळ, मधे काचेची नळी, नळीत बुडबुडा, बुडबुड्याच्या दोन बाजूंना दोन रेघा. डाव्या टोकाला आईने रंगवलेला तांबडा ठिपका. ती बाबांची होती. त्यांच्या हातून एकदा पडली आणि तेव्हापासून खोटं बोलायला लागली. बुडबुडा बरोबर मध्ये असला की समजायचं, उजवी बाजू केसभर उतरलीय. खरं सरळ हवं असेल तर तांबडा ठिपका डावीकडे ठेवायचा आणि बुडबुडा उजव्या रेघेला नुसता टेकवायचा. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. आईच्या डोळ्याला ते सवयीचं झालं होतं. मी नोकरीला लागल्यावर तिला नवी आणून द्यायला निघाले, तर म्हणाली, “नको. ही खोटं बोलते, पण रोज एकच खोटं बोलते. अशा माणसाबरोबर सुखाने संसार होतो. नवी आणलीस तर तिचं खोटं शिकण्यात वर्ष जाईल.”

“तुझी समता ही अशी आहे बघ,” ती म्हणाली आणि पाणसळ दगडाला लावली. “राजाला केसभर झुकतं माप.”

“पण ती कोण? सासू झाली, मावशी झाली.”

“हिचं नाव नाही घेत. बसलीय इथेच.”

मला वाटलं, ती तिच्या हातातल्या पाणसळीबद्दलच बोलतेय. काका मान खाली घालून घासत राहिले.

संध्याकाळ व्हायच्या आधी मी निघाले. कागद पिशवीत भरताना ती म्हणाली, “दमलीस का गं?”

हा प्रश्न रोजचा होता. फोनवर शेवटी हाच असायचा, भेटीतही निघताना हाच. आणि माझं उत्तरही रोजचंच.

“छे. मी काय दगड फोडते?”

“तेही खरं,” ती म्हणाली. “मी दमले बाई. दार ओढून घे जाताना. धूळ बाहेर जाते आणि समोरच्या कपडे धुणाऱ्याच्या शिव्या आत येतात.”

मी दार ओढून घेतलं. आतून फुंकर ऐकू आली. अक्षरात साठलेली भुकटी ती तोंडाने उडवायची.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानात मी पाणसळीपर्यंत आले होते तेव्हा काकांचे फोन येऊन गेले. व्याख्यान संपवून मी ते पाहिले. ती घोडीजवळ खाली बसली होती म्हणे, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून. काकांना वाटलं दम खात असेल. त्यांनी आवाज व्हायला नको म्हणून घासणं थांबवलं.

*

शोकाबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. त्यात इतकी धुणीभांडी असतात, हे कुणी लिहिलेलं आठवत नाही. माणसं येतात, बसतात, त्यांना पाणी लागतं, चहा लागतो, मग पेले विसळायचे असतात तोवर दुसरी येतात. कुणी काही बोललं तर उत्तर द्यावं लागतं. मी सगळ्यांना उत्तरं दिली. रात्रीचं जेवण मावशी करायची आणि मी ते खायचे. कॉलेजात लवकरच रुजू झाले. मुलं माझ्याकडे पाहून हळू बोलायची, त्यामुळे वर्गात पहिल्यांदाच शांतता होती.

मावशी आमच्याकडे राहायला आली ती येताना स्वतःची उशी घेऊन आली. म्हणजे मुक्काम लांबचा. ती स्वयंपाकघरातून बोलायची आणि मी कुठल्याही खोलीत असले तरी मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची.

“दगडावर काय लिहायचं ठरवलंस?”

“नाव.”

“नुसतं नाव? अगं, ती काय टपालपेटी आहे? ‘प्रेमळ’ तरी घाल. ‘कष्टाळू’ घाल. ‘सर्वांची लाडकी’ घाल.”

“तुझी तरी होती का लाडकी?”

भांड्यांचा आवाज थांबला. “ते आमचं आपसातलं,” मावशी म्हणाली. “दगडाला काय कळतंय?”

काकांनी फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “दगड आहे. निमंत्रणपत्रिका नव्हे.” त्यामुळे आईचं नाव आणि त्याखाली ‘अक्षरं कोरणारी’, एवढंच ठरलं. वर एखादं चिन्ह हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू तर यातलीच. तूच सांग, कोणता आकार शोभेल. मी वर्तुळाचा विचार केला, मग झाकण आठवलं. ओळंब्याचा विचार केला, मग आजी आठवली. जे जे मी वर्गात दहा मिनिटं समजावून सांगू शकते, त्यातलं काहीही तिच्या नावाच्या डोक्यावर ठेवावंसं वाटेना. शेवटी चिन्ह नको म्हटलं. मावशीला ते कंजूसपणाचं वाटलं.

पण खरी अडचण चिन्हाची नव्हती. खरी अडचण बोटभर रेघेची होती, आणि ती मला आणि काकांना दोघांनाच माहीत होती.

इतर कोरणारे शिरोरेखा आधी कोरून घेतात आणि मग अक्षरं तिच्याखाली टांगतात. आमच्याकडे ती आखायची आधी, पण छिन्नी लावायची शेवटी. आई म्हणायची, भिंती उभ्या राहिल्याशिवाय छप्पर कुठे घालतात का? आणि आठवणीचा दगड असला की ती रेघ ती पुरीही करत नसे. उजव्या टोकाला बोटभर सोडून द्यायची. ज्याचं माणूस गेलं असेल त्याने यायचं, छिन्नी हातोडी हातात घ्यायची, तेवढी रेघ स्वतः कोरायची. आणि कोरताना, जे बोलायचं राहून गेलं ते मोठ्याने बोलायचं. तेवढ्या वेळात आई आणि काका शेजारच्या टाकाऊ दगडावर दणादण हातोडे घालत राहायचे, म्हणजे बोललेलं कुणाच्या कानावर जाऊ नये. रेघ उघडी असेपर्यंत दगड कारखान्याबाहेर जायचा नाही.

हे कधी सुरू झालं ते काका सांगतात. एक म्हातारा बायकोचा दगड बघायला आला आणि दगडाशी पुटपुटायला लागला. आईला ते ऐकणं चोरी केल्यासारखं वाटलं, म्हणून तिने उगाच हातोडी आपटायला घेतली. मग ती पद्धतच पडली. लोक एकमेकांना सांगायचे, तिकडे जा, तिथे बोलू देतात.

सुटीच्या दिवशी मी कारखान्यात असले की मलाही एक छोटी हातोडी मिळायची. काम एकच, आवाज करायचा आणि ऐकायचं नाही. दुसरा भाग मला जमायचा नाही. माणसं अशा वेळी काय बोलत असतील, याचं मला विलक्षण कुतूहल होतं. वाटायचं, शपथा असतील, शाप असतील, क्षमा असेल. हातोडीच्या दोन घावांच्या मधे मी कान द्यायचे. एका बाईने नवऱ्याला सांगितलं, “तुमचा चष्मा सापडला. उशीच्या खोळीत होता.” एक तरुण मुलगा नुसतंच म्हणाला, “गाडी मी विकलेली नाही.” मला फार निराशा झाली होती.

आता मला तो चष्मा रोज आठवायचा. माझ्याकडे चष्म्यासारखं काही नव्हतं. वाक्यं होती. बसमध्ये, वर्गात जाता जाता, पेले विसळताना मी वाक्यं करायचे. ती चांगली व्हायची, आणि चांगली झाली की ती कुणा दुसऱ्याची वाटायची. काकांनी अक्षरं कोरून झाल्याचं कळवलं. मी येते म्हणाले आणि गेले नाही. त्यांनी रेघ बोटभर सोडून पुरी केल्याचं कळवलं. मी परीक्षांचं कारण सांगितलं. काका रागावले नाहीत. ते म्हणाले, “तुझं तू बघ. पण नुसतंच तोंड मिटून छिन्नी मारणार असशील तर सांग, मीच मारतो. वहिनीने तसं कुणाला करू दिलं नाही.”

मग मावशीने सगळ्यांना परस्पर कळवून टाकलं, की रविवारी सकाळी दगड बसणार. गावाबाहेरच्या बागेच्या भिंतीत, जिथे आईच्या हातचे पुष्कळ दगड आहेत. शनिवारी दुपारी टेंपो येणार होता.

*

शनिवारी मावशी माझ्याबरोबर आली. टेंपोवाला आधीच येऊन उभा होता आणि घाई करत होता. मावशीने कारखान्यातली खुर्ची उचलून बाहेर सावलीत टाकली आणि त्याच्यासमोर बसली.

“तू जा आत. याला मी बघते. काय रे, लग्न झालंय का तुझं?”

आत नेहमीसारखीच धूळ होती, फक्त घोडीजवळ ती तुडवलेली नव्हती. भिंतीवर आईचे पुठ्ठ्याचे साचे खिळ्यांना टांगलेले होते, अक्षरामागे अक्षर, वापरून कडा मऊ झालेले. काकांनी आईची अक्षरं त्यांवरूनच उतरवली होती. दगड करडा, कडा न घडवलेल्या. तिला असेच दगड आवडायचे. अशा दगडाला मापायला सरळ बाजू नसते. म्हणून तो घोडीवर ताठ उभा करायचा, आडवी रेघ पाणसळीने आखायची आणि उभ्या रेघा ओळंब्याने.

अक्षरं सुरेख आली होती. मी काकांना तसं सांगितलं.

“साचे तिचे,” ते म्हणाले. “मी नुसता मागोमाग गेलो.”

त्यांनी माझ्या हातात आईची छिन्नी दिली. दगडावर पाहिलं तर रेघ उजवीकडे थांबलेली, पुढे फक्त पेन्सिलीची खूण. मला थोडा वेळ हवा होता. हातांना काहीतरी हवं होतं म्हणून मी फळीवरची पाणसळ उचलली, तांबडा ठिपका डावीकडे घेतला आणि रेघेवर धरली. लहानपणी काम झालं की आई तपासायला मलाच सांगायची.

बुडबुडा बरोबर मध्ये होता.

मी पाणसळ काढली, नळी पुसली, पुन्हा लावली. मध्येच. दोन्ही रेघांपासून सारखा लांब. नव्या पाणसळीत असता तर कुणीही म्हटलं असतं, वा.

मला पाहून काका उठून आले. त्यांनी नळीत पाहिलं. मग गुण्या घेऊन पहिल्या अक्षराच्या दांड्याला आणि रेघेला टेकवला. गुण्याच्या आणि रेघेच्या मधे उजेडाची बारीक फट दिसत होती, उजवीकडे रुंदावत गेलेली.

त्यांनी गुण्या खाली ठेवला.

“काका, राहू दे. कुणाला दिसणार नाही.”

“तिला दिसलं असतं.” ते खाली बसले, पायरीच्या दगडावर. “मला माहीत होतं गं. रोज शेजारी उभा राहून बघत होतो, बुडबुडा उजव्या रेघेला टेकवायची. पण त्या दिवशी रेघ आखायला घेतली, आणि बुडबुडा मध्ये दिसला. म्हटलं, बसलं बरोबर. डोकंच चालेना.” त्यांनी तळहाताने तोंड पुसलं. “आता भिंतीत बसवताना दगड फिरवून रेघ सरळ करावी, तर अक्षरं पडल्यासारखी कलतील. अक्षरं उभी ठेवावीत तर रेघ उतरते. दोन्ही नाही जमायचं. घण घेतो. फोडतो हा. नवा दगड बघतो, तू रविवारचं सांग त्यांना, नाही म्हणून.”

ते खरोखरच घणाकडे निघाले. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात दिला आणि तरी पहिल्या खेपेला त्यांना उठता आलं नाही. मी पाहिलं, की तेही म्हातारे झालेत. इतक्या दिवसांत मी त्यांना काही विचारलं नव्हतं आणि त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मी घोडीपासून मागे सरकले. दारातून, जिथे माझं स्टूल असायचं तिथून, दगड पाहिला. अक्षरं ताठ उभी होती. आणि त्यांच्यावरची रेघ डावीकडून निघून उजवीकडे अगदी थोडी, लक्ष दिलं तरच कळेल अशी, खाली येत होती. तो उतार मी कुठेही ओळखला असता. पाठमोरी उभी राहून ती काम करायची तेव्हा तिचे खांदे असेच दिसायचे.

“काका, फोडायचा नाही. हाच बसवायचा.”

“वाकडा?”

“तिच्या खांद्याकडे बघा.”

ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. घण त्यांनी हातातून खाली ठेवला, टेकवला, आवाज न करता.

बाहेर मावशी विचारत होती, “मग आईला पैसे पाठवतोस का रे? फोन तरी करतोस?” टेंपोवाला काहीतरी पुटपुटला.

“मी केव्हाच नवी पाणसळ आणायला हवी होती,” मी म्हणाले.

“तिला चालत नव्हती. तिला खोटं कळायचं ना, मग काय अडलं होतं?” काका म्हणाले. “तुझा फोन झाला की मला सांगायची. फोन ठेवायची, छिन्नी उचलायची आणि सांगायची. आज ‘छे’ जरा लवकर आलं भाऊजी, माझं विचारून होतंय तोवरच. म्हणजे फार दमलीय पोरगी. एखाद्या दिवशी म्हणायची, आज ‘छे’ हसत म्हणाली, आज बरी आहे. रोज एकच सांगते, म्हणून कळतं म्हणायची.”

मी घोडीशी जाऊन हातातली पाणसळ फळीवर ठेवली.

“मी म्हटलं तिला एकदा, मग सरळ विचारा ना, वहिनी, काय झालंय म्हणून. तर म्हणाली, तिला वाटतं दमायचा हक्क माझा एकटीचाच आहे. दगड मी फोडते ना. वाटू दे. कधीतरी सांगेल.”

ते त्यांच्या जागेवर गेले. टाकाऊ दगड पुढे ओढला, हातोडा उचलला. “घे. मी आवाज करतो.”

मी घोडीसमोर उभी राहिले. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडी. आईची पकड लाकडात उतरलेली होती आणि माझी बोटं त्या खळग्यांत बरोबर बसत नव्हती. पेन्सिलीची खूण काकांनी त्याच उताराने पुढे नेलेली होती. मी तीच धरली. पहिला घाव निसटला, दुसरा लागला. काकांचे हातोडे सुरू झाले, तेच, लहानपणीचे, सगळं बुडवून टाकणारे. मी कोरत गेले. भुकटी साठली, फुंकर मारली, पुन्हा कोरलं. बोटभर रेघेला किती वेळ लागतो ते मला माहीत नव्हतं. मावशी बाहेर बोलायची थांबली होती.

शेवटचा तुकडा निघाला आणि रेघ मिटली. उजवा खांदा भरून आला होता. मी हातोडी फळीवर, पाणसळीशेजारी ठेवली.

तोंड उघडलं, आणि इतक्या दिवसांत केलेल्या वाक्यांपैकी एकही तिथे नव्हतं.

काका जोरात आवाज करत होते, मान फिरवून, नियमाप्रमाणे.

“काका,” मी ओरडून म्हणाले, “राहू दे. ऐकू आलं तरी चालेल.”

आवाज थांबला. दारात मावशी येऊन उभी होती. मी दगडावर हात ठेवला. तो कोरल्याने कोमट झाला होता.

“आई,” मी म्हणाले, “दमले गं मी.”